सळई (शब्दांसहित)

कल्याणची मागणी मोठी नव्हती. त्याला एक माणूस पाहिजे होता. त्या माणसानं नऊ गाणी ऐकायची. पहिल्यापासून नवव्यापर्यंत, ओळीनं, मधे न उठता आणि शब्दांकडे लक्ष देऊन. जालना जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास आहे. तान्ही मुलं आणि कानानं अधू मंडळी वजा केली तरी त्यातून असा एक माणूस निघायला हरकत नव्हती.

कल्याण राहायला बदनापूरला आणि नोकरीला जालन्यात, एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात. दिवसाला शंभर-सव्वाशे पत्रांवर तो शिक्का मारतो आणि एकही वाचत नाही. वाचणं हे त्या टेबलाचं कामच नाही. पण संध्याकाळच्या गाडीनं घरी आला की तो कवी असे, आणि कवी म्हणून त्याची अशी ठाम समजूत होती की जगानं प्रत्येक शब्द वाचला पाहिजे. या दोन गोष्टी एकाच माणसात तीन वर्षं सुखानं नांदल्या. तेवढ्या काळात त्यानं एक अल्बम लिहिला. साधा नव्हे, कन्सेप्ट अल्बम.

कन्सेप्ट अल्बम म्हणजे काय, हे त्यानं आधी बायकोला सांगितलं. तृप्ती मेथी निवडत बसली होती.

"हे बघ, ही गाणी सुटी न्हाईत. सगळी मिळून एक गोष्ट हाये. एका नांगराच्या फाळाची. तो शेतात मोडतो, भंगारात जातो, जालन्याच्या मिलमधी वितळतो, त्याची सळई होते, अन् ती सळई एका घराच्या स्लॅबमधी जाऊन पडते. कायमची. अंधारात."

"मंग?"

"मंग काय? संपलं."

"तिला कोणी काढीत न्हाई बाहेर?"

"स्लॅबमधून सळई कोण काढंल?"

"मंग ऐकणाऱ्यानं काय करायचं?"

"खोल जायचं," कल्याण म्हणाला.

तृप्तीनं एक काडी मोडून बाजूला टाकली. "चाल लावली का त्याला?"

शेजारच्या बद्रीनाथकाकांनी पायरीवर बसून हे सगळं ऐकलं होतं. काका कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यापासून दुसऱ्यांच्या घरातलं ऐकणं त्यांनी पूर्णवेळ धरलं होतं. ते म्हणाले, "एकाच लोखंडावर नऊ गाणी? आमच्या वक्ताला कॅसेटला दोन बाजू असायच्या. एकीकडं देवाचं, दुसरीकडं बाकीचं. मानूस कटाळला की फिरवायचा. तुझं फिरवायचं कुठं?" पलीकडच्या नंदाबाईंनी मात्र दिलदारपणे तोड काढली. "त्याच्यात एक हळदीचं टाक बाबा. बाकीची आठ तुझ्या मनानं टाक."

कल्याणनं दोघांचेही आभार मानले. ज्याला पुढे मोठं व्हायचंच आहे, त्याला असं ऐकून घ्यावं लागतं हे त्याला ठाऊक होतं. मोठं व्हायचं नसलेल्यालाही ऐकून घ्यावंच लागतं, हे त्याला नंतर कळलं.

जालन्यात बसस्टँडच्या मागं राधेश्यामचा स्टुडिओ आहे. एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या आणि पंखा कायम बंद, कारण तो आवाज करतो. हळदीची गाणी, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांची गाणी आणि रिक्षाच्या भोंग्यावरून गावोगाव फिरणाऱ्या बियाण्याच्या जाहिराती यांवर हा स्टुडिओ चालतो. राधेश्यामचा हात मात्र खरोखर सोन्याचा. जाहिरात खताची असो की खडीची, त्यानं चाल लावली की माणूस रस्त्यात थांबतो.

"कल्याणभाऊ, चाली मी देतो तुम्हाला बिलकुल एक नंबर," तो म्हणाला. "पण एक सांगू का? गाण्याला शब्द कशाला लागतो? गाणाऱ्याचं तोंड मोकळं राहू नये म्हणून. बाकी काई न्हाई."

"म्हणजे अर्थाला काही किंमत न्हाई?"

"हाये की. पन तो ऐकणारा घरून घेऊन येतो. आपण नाचवायचं."

यावर कल्याणनं त्याला पाऊण तास समजावलं. उत्तम अल्बम हा विहिरीसारखा असतो, वरून पाणी दिसतं, पण खरी गोष्ट झऱ्यात असते, वगैरे. राधेश्यामनं मान डोलावली आणि चहा सांगितला. समजावणाऱ्याला चहा पाजला की तो लवकर थांबतो, असा त्याचा अनुभव होता.

राधेश्यामची काम करायची एक रीत होती. आधी चाल बांधायची आणि तिच्यात तात्पुरते शब्द, म्हणजे डमी, भरून गाणाऱ्याकडून गाऊन घ्यायची. चाल पक्की झाली की मग खरे शब्द. तात्पुरत्या शब्दांसाठी बाकीचे संगीतकार ला-ला-ला करतात. राधेश्यामचं आयुष्य भोंग्याच्या रिक्षात गेलेलं, त्यामुळे तो गावं भरायचा. चार मात्रांची जागा असली की मंठा, पाच असल्या की परतूर, सहा असल्या की भोकरदन, सातला बदनापूर. उरलेल्या जागांत वाड्या-वस्त्या कोंबायच्या. शीतल नावाची गायिका या कामात इतकी तयार झाली होती की परतूर म्हणताना तिचा गळा भरून येई.

नऊही गाणी अशी एकदा गावांत आणि एकदा शब्दांत गाऊन झाली. संगणकावर दोन फोल्डर तयार झाले. एकाचं नाव 'सळई फायनल', दुसऱ्याचं 'सळई फायनल खरं'. आपल्याकडे या दोन नावांत जे अंतर आहे, त्यात पुष्कळांची आयुष्यं गेली आहेत. राधेश्यामनं पहिला फोल्डर इंटरनेटवर चढवला.

प्रकाशन कचेरीतच होतं. साहेबांनी अकरा वाजता मोबाइलवर बोट ठेवायचं, छोट्या स्पीकरवर पहिलं गाणं लागायचं, मग पेढे. कल्याण नव्या शर्टात उभा होता. पहिल्या गाण्याची पहिली ओळ त्याला स्वतःलाच झोप लागू देत नसे: 'अंगावरचा गंज माझ्या, हीच माझी वंशावळ.' साहेबांनी बोट ठेवलं. ढोलकी घुमली. आणि शीतलचा दाटलेला आवाज आला: "मंठा, मंठा, परतूर हो... परतूर, शहागड, भोकरदन!"

कल्याणचा हात हवेतच राहिला. मंठ्याचा शिपाई मात्र टाळी वाजवून उभा राहिला. "आलं की आमचं गाव!" परतूरच्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. साहेब मूळचे शहागडकडचे. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, गाणं पुन्हा लावलं आणि पुन्हा ऐकून म्हणाले, "कल्याणराव, जिल्हा उभा केला तुम्ही! जिल्हा!"

"साहेब, एक चूक झालीये. हे डमी..."

"विनय," साहेब कर्मचाऱ्यांकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात विनय. शिका जरा."

कल्याण तडक स्टुडिओत गेला. राधेश्याम शांतपणे म्हणाला, "भाऊ, चढवताना गडबड झाली, कबूल. पन आता सकाळपासून चार हजार लोकांनी ऐकलं. चढलेलं गाणं उतरवलं की पाप लागतं. तुमचं शब्दांचं बी चढवून देतो ना शेजारी. लोक दोन्ही ऐकतील. ज्याला जे गोड वाटंल ते."

त्यानं चढवून दिलं. नाव दिलं: 'सळई (शब्दांसहित)'. एखाद्या खोक्यावर 'शेंगदाणे असू शकतात' असं बजावतात, तसं ते दिसत होतं.

पुढच्या महिन्यात लग्नं होती आणि लग्नांत डीजे होते. एकेक गाव एकेका गाण्यात आपलं नाव शोधून काढू लागलं. वरात निघाली की नवरदेवाच्या गावाचं नाव असलेला तुकडाच पुन्हा पुन्हा लावायचा, अशी रीतच पडली. रिक्षात, टपरीवर, गिरणीत गावं वाजू लागली. कुणी ते शफलवर ऐकत, कुणी उलट्या क्रमानं. काही बिघडत नव्हतं. मंठ्याआधी परतूर आलं काय आणि नंतर आलं काय, दोन्हीकडे बस जाते.

शब्दांसहित सळई पहिल्या महिन्यात अकरा वेळा ऐकली गेली. त्यातल्या सात वेळा कल्याण स्वतः. दोन वेळा तृप्तीच्या मोबाइलवरून, बोट कल्याणचं. एकदा बदनापूरच्या रिक्षावाल्यानं त्याच्या आग्रहावरून लावली, पण शफल चालू होतं. सळई आधी स्लॅबमध्ये पडली, मग मिलमध्ये वितळली आणि शेवटी शेतात मोडली. "वांधे झाले बिचाऱ्याचे," रिक्षावाला म्हणाला. उरलेला अकरावा माणूस कोण, हे कळत नव्हतं. त्या अनोळखी माणसावर कल्याणचा फार जीव जडला. राधेश्यामनं मोबाइलवर एक आलेख काढून दाखवला. तो माणूस थेट तिसऱ्या गाण्यावर आला होता आणि छत्तिसाव्या सेकंदाला निघून गेला होता. तिसऱ्या गाण्यात छत्तिसाव्या सेकंदाला काय आहे, हे कल्याणनं घरी जाऊन तपासलं. तिथं शब्द सुरू होतात.

"अहो, घ्या की मानून," तृप्ती एकदा म्हणाली. "लोकं तुमचं नाव घेऊन राह्यले. गीतकार म्हणून तुमचंच नाव हाये ना त्या गावांच्या गाण्यावर? मंग काय बिघडलं?"

"ते मी लिहिलेलं न्हाई."

"त्यांना कुठं माहीत हाये?"

"मला माहीत हाये ना!"

"तुम्ही कशाला ऐकता मंग," तृप्ती म्हणाली. तिच्याजवळ त्याची नऊ गाणी ऐकायला वेळ नव्हता. तिनं दोन रविवारी प्रामाणिक प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा दुसऱ्या गाण्यात तिला गाढ झोप लागली होती. ती उठल्यावर म्हणे, "लई शांत वाटतं पन." हे तिनं प्रेमानं म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं.

सगळ्यात मोठा घाव भोकरदनला बसला. तिथल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी 'सळई: एक आकलन' असं व्याख्यान ठेवलं आणि कल्याणला बोलावलं. शेवटी कुणीतरी खोल गेलंच, असं वाटून तो रजा टाकून गेला. प्राध्यापक सव्वा तास बोलले. "या अल्बममध्ये एकही क्रियापद नाही," ते म्हणाले. "एकही नाही! का नाही? कारण आजचा माणूस या गावाहून त्या गावाला नुसता निघतो. तो पोहोचत नाही. आणि याला नाव काय दिलं? सळई! म्हणजे आपल्याला आतून धरून ठेवणारी, पण कधी न दिसणारी गोष्ट. गाव!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

कल्याणला राहवलं नाही. तो उठला. "सर, ते डमी आहे. चाल पक्की करायला मात्रा मोजून भरलेली गावं आहेत ती. मी लिहिलेला अल्बम वेगळा आहे. त्यात क्रियापदं आहेत. भरपूर."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "कवीनं स्वतःच्या कवितेबद्दल बोलू नये, ते यासाठीच," ते खेदानं म्हणाले. "तुम्हाला तुमची खोली कळलेली नाही." मग त्यांनी त्याला नारळ दिला.

ज्या गावांची नावं गाण्यात नव्हती, त्यांचे ठराव यायला लागले. 'आमच्या गावाचे नाव गाण्यात समाविष्ट करणेबाबत.' ग्रामपंचायतीचे शिक्के मारून ते थेट कचेरीत येत, कारण गीतकार सरकारी कर्मचारी आहे म्हणजे गाणंही सरकारी असणार. ते आवक होत कल्याणच्याच टेबलावर. तो त्यावर शिक्का मारून ते साहेबांकडे पाठवी. साहेब 'श्री. कल्याण यांनी पाहावे' असा शेरा मारत आणि कागद जावक होऊन पुन्हा त्याच्याकडे येत. असे एकोणीस ठराव त्यानं स्वतःकडून स्वतःकडे फिरवले.

आणि मग धोंडखेडी आणि चिंचबारवचं लग्न झालं.

पोरगा धोंडखेडीचा, पोरगी चिंचबारवची. पाचव्या गाण्यात दोन्ही गावं लागोपाठ येतात, म्हणून डीजेवाल्यानं तेच लावलं. आता चालीची गंमत अशी होती की धोंडखेडी वरच्या पट्टीत येतं आणि त्यावर ढोलाचा दणका आहे. मग आवाज उतरतो, ढोल थांबतो आणि त्या शांततेत हळूच चिंचबारव येतं. म्हणजे वरपक्ष नाचे आणि आपल्या गावाच्या वेळी वधूपक्ष हात वर करून नुसता उभा राही. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी वरपक्षातलं कुणीतरी हसलं. त्यानंतर खुर्च्या उडाल्या. लग्न लागलं, पण दुसऱ्या दिवशी चिंचबारवकरांनी पोलिसांत अर्ज दिला: 'गीतकाराने आमच्या गावास जाणूनबुजून खालच्या पट्टीत टाकले.'

कल्याणला बोलावणं आलं. पोलीस ठाण्यात हवालदार भुजंगराव बसले होते. पन्नाशीचे, चष्मा नाकावर, समोर कागदांची चळत.

"घाबरू नका," ते म्हणाले. "तक्रार अदखलपात्र हाये."

तीन वर्षांत त्याच्या कामाला कुणी लावलेलं हे पहिलंच विशेषण होतं.

"पन अर्ज आला म्हंजे उत्तर द्यावं लागतं. गाणं तुमचं का?"

"न्हाई साहेब. नाव माझं हाये, पण ते शब्द माझे न्हाईत."

"मंग तुमचे कोनते?"

कल्याण टेबलाकडे सरकला. "माझे वेगळे हायेत. नऊ गाणी हायेत. पण त्याच्यात एकाही गावाचं नाव न्हाई."

"हे तुमच्या तोंडी सांगण्यावर कसं लिहू? ऐकावं लागंल," भुजंगराव म्हणाले. "सगळंच ऐकावं लागंल. पैल्यापासून. मधलं एखादं राहिलं अन् त्याच्यातच गाव निघालं, मंग? पन एक ध्यानात घ्या. हे तुमचं म्हटलं की ते गावाचं तुमचं न्हाई. तिथून तुमचं नाव निघंल. दोन्हीवर बसता येनार न्हाई."

तृप्तीचं बोलणं त्याला आठवलं. रस्त्यात लोक थांबवतात, साहेब चहाला बोलावतात, हे सगळं या एका वाक्यावर जाणार होतं. त्याला क्षणभरही वाटलं नाही की विचार करावा.

"निघू द्या," तो म्हणाला. "तुम्ही ऐका."

भुजंगरावांनी हेडफोन लावले, कोरा कागद पुढे ओढला आणि पहिलं गाणं सुरू केलं. कल्याण समोरच्या बाकावर बसला. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण घड्याळाकडे बघून तो कुठली ओळ चालू असेल ते ओळखत होता. फोन वाजला, भुजंगरावांनी उचलला नाही. एक बाई पाकीट हरवल्याचं सांगायला आली, त्यांनी तिला हातानं बसवलं. दुसरं गाणं. तिसरं. छत्तिसावा सेकंद आला आणि गेला. भुजंगराव जागचे हलले नाहीत. उलट त्यांनी गाणं थोडं मागं घेतलं आणि एक ओळ पुन्हा ऐकून लिहून घेतली. कल्याणनं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. त्याचं लग्न ठरलं तेव्हाही त्याला इतकं भरून आलं नव्हतं.

सहाव्या गाण्यात त्यांनी हेडफोन काढला. "फाळाचं काय झालं मंग पुढं?"

"साहेब!" कल्याण उभा राहिला. "सातव्यात हाये. सातव्यात कळतं. तुम्ही ऐकाच."

"न्हाई, त्याला धार हाये म्हनता तुम्ही चौथ्यात. हत्यारात येतो का, ते पाहावं लागतं."

"तो वितळला साहेब."

"मंग ठीक हाये." त्यांनी लिहून घेतलं. "अन् हे, 'मी सरळ आहे, कारण मला वाकायला जागा नाही.' हे कोनाला म्हनलं?"

ही ओळ त्यानं चार महिने लिहिली होती. "ती सळई म्हणते, साहेब, सगळी गोष्ट तीच सांगते. म्हणजे ती सळई, पण तसं पाहिलं तर आपण सगळेच."

"जागेचा वाद हाये का काही? भावकीचा?"

"न्हाई."

"मंग काही प्रश्न न्हाई," म्हणून त्यांनी पुन्हा हेडफोन लावला.

नववं गाणं संपलं. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. एक माणूस, नऊ गाणी, ओळीनं. भुजंगरावांनी मान मोडली आणि लिहायला घेतलं. लिहिताना ते गुणगुणत होते. चाल पहिल्या गाण्याची होती. शब्द मात्र "परतूर, शहागड" असे होते.

"साहेब," कल्याणनं विचारलं, "तुम्हाला कसं वाटलं? म्हणजे तपासाचं न्हाई. असंच."

भुजंगरावांनी पेन थांबवलं. माणूस प्रामाणिक होता. त्यानं खरोखर आठवून बघितलं. "त्याच्यात लिहिलंय बराबर," ते म्हणाले आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

अक्षर सुंदर होतं. 'सदर इसमाने स्वतःची म्हणून हजर केलेली एकूण नऊ गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, शब्दांसह, लक्षपूर्वक ऐकण्यात आली. त्यामध्ये कोणत्याही गावाविषयी अथवा व्यक्तीविषयी आक्षेपार्ह असे काही मिळून आले नाही. इतरही काही मिळून आले नाही.'

"खाली लिहा, वाचून पाहिले, बरोबर आहे. अन् मंग सही. जल्दी करा, त्या बाईचं पाकीट लिहायचं राहिलं."

कल्याणनं वाचून पाहिलं. मग आणखी एकदा, प्रत्येक शब्द. एकही शब्द जास्तीचा नव्हता. त्यानं पेन घेतलं, बरोबर आहे असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावानं सही केली.